गुलबर्ग्याचा व्यापारी

पुस्तकांचे गठ्ठे आले तेव्हा राजश्री जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती, आणि खरं पाहता पुस्तकांपेक्षा हीच मोठी बातमी होती. एकोणीस वर्षांत नांदेडच्या या घरात तिला कुणी गॅसपुढे उभं राहू दिलं नव्हतं. उंबऱ्याच्या आत ती आली होती ती दोनदाच, सासऱ्यांच्या तेराव्याला आणि मग सासूबाईंच्या. दोन्ही वेळा दारालगत बसली आणि पाण्याचा घोटही न घेता लातूरची गाडी धरून परत गेली. आज मात्र जाऊबाई, चंद्रप्रभाअक्का, सकाळीच म्हणाल्या होत्या, “राजश्री, वरण तू कर गं. प्राणेशभावजींना माझ्या हातचं आवडत न्हाई.” एवढं बोलून त्या घाईघाईनं बाहेर निघून गेल्या. राजश्रीला तेवढं पुरलं. न केलेल्या गुन्ह्याची का होईना, सजा संपली, असं तिनं मनाशी धरलं.

निमित्त होतं मोठ्या भाऊजींच्या पुस्तकाचं. राघवेंद्र म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, नांदेडच्या ‘रेणुका वही भांडार’चे मालक. त्यांच्या साठीला मुलानं, सर्वेशनं, पुण्याहून एक लेखक बोलावला होता. भाऊजी बोलले, लेखकानं टिपून घेतलं, आणि त्याचं पुस्तक झालं, ‘दुकान ते दालन’. उद्या, रविवारी पाच वाजता त्याचं प्रकाशन होतं. त्याच मंचावर दोघे भाऊ भागीदारीच्या करारावर सह्या करणार होते. नांदेडचं दुकान आणि लातूरचा वह्यांचा कारखाना पुन्हा एका नावाखाली येणार होते, तात्यांच्या वेळी होते तसे. तात्या म्हणजे सासरे, रेणुकादास. त्यांनीच ते नाव लावलं होतं.

प्राणेश, राजश्रीचा नवरा, महिनाभर याच आनंदात होता. थोरल्या भावाला तो अण्णा म्हणे. लातूरहून येताना गाडीत त्यानं तिला तीनदा विचारलं होतं, “अण्णांनी आपणहून फोन केला, न्हाई का? आपणहून.” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाडी लोहा गाव ओलांडत होती आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“काकू, या ना बाहेर! पुस्तक बघा!” सर्वेशची हाक आली.

हातातला डाव तसाच घेऊन ती दारात आली. बैठकीत पुस्तकांचा ढीग पडला होता. मुखपृष्ठावर मोठे भाऊजी हाताची घडी घालून उभे होते. ते स्वतः मात्र पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. चांदपाशाचाचा जमिनीवर मांडी घालून एका प्रतीची पाठ अंगठ्यानं दाबून बघत होते. लातूरच्या कारखान्यात चाळीस वर्षं बाइंडिंग करणारा माणूस. पुस्तक हाती आलं की आधी शिवण बघणार, मग नाव.

“नुसतं चिकटवलंय,” ते म्हणाले. “धागा न्हाई. चार वेळा उघडलं की पानं सुटतील.”

“चाचा, आतलं बघा की!” सर्वेश हसला. “मुग्धा, तू उद्या काय बोलणार ते तरी सांग. कामाचं आहे की नाही पुस्तक?”

मुग्धा ही राजश्रीची लेक. लातूरच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवायची. मोठ्या काकांनी तिला उद्याच्या भाषणाला बोलावलं होतं आणि बजावलं होतं, ‘खरं खरं सांग, मला तोंडदेखलं नको.’

“तिसरं प्रकरण चांगलं आहे,” मुग्धा म्हणाली. “महिन्यातून एक दिवस मालकानं गिऱ्हाईक होऊन काउंटरच्या पलीकडे उभं राहावं, ते. तेवढं मी मुलांना नक्की सांगेन.”

“ते मी करते,” राजश्री दारातून म्हणाली. “जूनमध्ये पोरींच्या घोळक्यात जाऊन उभी राहते. त्यांचं बोलणं ऐकूनच तर आपण सरावाच्या वह्यांना रुंद समास ठेवला.”

“बघ! म्हणजे पुस्तक बरोबर आहे.”

“सर्वेश, तिसरं प्रकरण बरोबर आहे,” मुग्धा म्हणाली. “बाकी कसं सांगू? मी दरवर्षी एक प्रयोग करते. जुन्या पुस्तकांत ज्या दुकानांची उदाहरणं दिलेली असतात ती मुलांना शोधायला लावते. निम्मी बंद पडलेली निघतात. पुस्तक जिंकल्याच्या दिवशी लिहिलेलं असतं. पुढं काय झालं ते लिहायला कुणी परत येत नाही.”

“मला विचारा,” चांदपाशाचाचा म्हणाले. “लोक माझ्याकडं फाटलेली बुकं घेऊन येतात. पंचांग येतं, पोथी येते, कुराण शरीफ येतं, वकिलांची कायद्याची बुकं येतात. एक बाई लोणच्याचं बुक तीनदा शिवून घेऊन गेली. पण हे ‘धंदा वाढवा’वालं बुक आजवर एकदाबी आलं न्हाई. फाटायला आधी उघडावं लागतं, बेटा.”

सगळे हसले. चंद्रप्रभाअक्कासुद्धा हसल्या, आणि राजश्रीकडे बघून हसल्या. कोचावर बसलेला प्राणेश तर नुसता सुखावून गेला होता. घर पुन्हा घरासारखं वाटत होतं.

“थांबा, पाचवं वाचतो, मग बोला,” सर्वेश इरेला पेटला.

“पाचवं? मला पाठवलेल्या छपाईत पाचवं नव्हतं,” मुग्धा म्हणाली.

“लेखकानं शेवटी घातलं. बाबा म्हणाले, हाच पुस्तकाचा जीव आहे. ‘मागू नका, मागायला लावा.’ नाव बघ कसलं आहे!”

तो खणखणीत आवाजात वाचू लागला.

“‘गुलबर्ग्याला माझे एक स्नेही होते. लोखंडी सामानाचे व्यापारी. दोघे भाऊ. थोरला दुकान बघे, धाकटा कारखाना. थोरल्याच्या लक्षात आलं की नफा विकण्यात आहे, बनवण्यात नाही. कारखाना हा गळ्यातला धोंडा आहे. तो सोडायचा, तर भावाला सोडायला हवं. पण वडील हयात होते. वडिलांपुढे वाटणीचा शब्द जो काढतो तो वाईट ठरतो, आणि बाजारात वाईट ठरलेल्या माणसाच्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही. मग थोरल्यानं काय करावं?’” सर्वेश थांबला. “सांगा, काय करावं?”

“सरळ सांगावं बापाला,” चांदपाशाचाचा म्हणाले.

“हरलात मग! बाबा काय म्हणतात ऐका. ‘थोरल्यानं एकच नियम पाळला. आपल्याला जे हवं, ते समोरच्यानं मागितलं असं दिसलं पाहिजे.’”

“पक्का माणूस!” प्राणेश मांडीवर थाप मारून म्हणाला. “अण्णांना कुठं कुठं अशी माणसं भेटतात!”

राजश्रीलाही कुतूहल वाटलं. त्या गुलबर्ग्याच्या माणसानं असं काय केलं असेल? ती दाराच्या चौकटीला टेकली.

“‘त्यानं धाकट्याच्या नावानं वाटणीपत्र टाइप करून घेतलं. गावात मुद्रांक घेतला तर बोभाटा होतो, म्हणून तो मुखेडहून आणला. वडील सणाच्या पूजेला एक डाळिंबी शाल पांघरत. ती धाकट्या सुनेच्या पेटीत असे. पूजेच्या आदल्या संध्याकाळी थोरल्यानं कागद त्या शालीच्या घडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत शाल झटकली गेली, कागद पडला. वडील भरल्या ताटावरून उठले. थोरल्याला एक अक्षरही बोलावं लागलं नाही. आठ दिवसांत वाटणी झाली, आणि जगाच्या दृष्टीनं ती मागितली धाकट्याच्या घरानं. याला म्हणतात...’”

“बेटा, रुक,” चांदपाशाचाचा म्हणाले. “पुन्हा वाच. मुद्रांक कुठून आणला?”

“मुखेडहून.” सर्वेशनं वर पाहिलं. “का?”

घर फुटलं तेव्हा सर्वेश नऊ वर्षांचा होता, त्याला काही आठवण्यासारखं नव्हतं. मुग्धा अकराची होती.

“गुलबर्ग्याचा माणूस मुखेडला कशाला येईल?” ती हळूच म्हणाली. “ते कर्नाटक. इथला मुद्रांक तिथं चालतो तरी का?”

राजश्रीला आधी काही कळलंच नाही. कानात नुसता आवाज भरला होता. वरण उतू जाऊन गॅसवर चरचरत होतं, ते तिला ऐकू येत होतं आणि आपण तिकडं जायला हवं हेही कळत होतं. ती चौकटीलाच टेकून राहिली. डावातून वरणाचे थेंब तिच्या पायावर पडत होते. चटका बसत होता की नाही, कोण जाणे.

डाळिंबी शाल. महालक्ष्म्यांचा दिवस. लातूरच्या घरात सोळा भाज्या शिजल्या होत्या. मोठे भाऊजी आणि अक्का नांदेडहून सणाला आले होते. तात्यांनी शाल मागितली, तिनंच ती पेटीतून काढून दिली, स्वतःच्या हातांनी. तात्यांनी झटकली. कागद पडला तो उचलून त्यांच्या हातात दिला तोही तिनंच, कारण तिला वाटलं, धोब्याची पावती असेल. मागच्या बाजूला मुखेडच्या मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का होता. ती शपथेवर सांगत राहिली, तात्या, मी जन्मात मुखेडला उतरले नाही. तात्या एवढंच म्हणाले, “तुझं माहेर जळकोटचं. तिथून मुखेड कितीसं लांब?” तिचा भाऊ जळकोटहून धावत आला, देवावर हात ठेवून बोलला, अपमान गिळून गेला आणि पुन्हा कधी बहिणीच्या सासरी पाऊल टाकलं नाही. तात्या आणि सासूबाई थोरल्यापाशी नांदेडला आले. दुकान, नाव, पेढीची सगळी ओळख नांदेडला. जुनी यंत्रं आणि चांदपाशा लातूरला. आणि घर फोडणारी सून म्हणून राजश्री, दोन्ही जिल्ह्यांत.

एकोणीस वर्षं ती शोधत होती की मुखेडला कोण गेलं असेल. कधी शेजारणीवर संशय घेतला, कधी वकिलावर. एका वाईट वर्षी तर स्वतःच्या भावावरसुद्धा घेतला. आणि ते उत्तर आता छापून, गठ्ठ्यात बांधून, हजार प्रतींत समोर पडलं होतं.

“काकू...” सर्वेशनं पुस्तक खाली केलं. “काकू, हे आपल्या घरचं आहे?”

एवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि राघवेंद्र आत आले. पाहुण्यांना हॉटेलवर सोडून आले होते, खुशीत होते.

“आलं का पुस्तक? कसं झालंय? काय रे, सगळे असे का बसून राहिलात?”

चंद्रप्रभाअक्का उठल्या. त्यांनी सर्वेशच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पाचवं प्रकरण उघडून नवऱ्यापुढे धरलं.

“हा गुलबर्ग्याचा माणूस कोण?”

राघवेंद्रांनी पानाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि शेवटी राजश्रीकडे. तिच्यावर नजर टिकली नाही.

“एक स्नेही होते. तुला ठाऊक नाहीत.”

“नाव सांगा.”

“अगं, गोष्ट आहे ती. पुस्तकात उदाहरणं द्यावी लागतात. लेखकानं थोडं इकडचं तिकडं केलं असेल...”

“लेखकाला मुखेड कुठून ठाऊक?” मुग्धा म्हणाली. “पुण्याचा माणूस तो. शाल डाळिंबी होती हे त्याला कुणी सांगितलं? आणि मोठे काका, कागद आदल्या संध्याकाळी ठेवला, हे तर आमच्यापैकीसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. आजपर्यंत.”

राघवेंद्र खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. मग, कदाचित इतकी वर्षं दुकानाच्या गादीवर बसल्याची सवय म्हणून असेल, त्यांचा आवाज सावरला.

“बरं. मीच. पण मला सांगा, कुणाचं वाटोळं झालं का? प्राणेश तात्यांच्या सावलीत राहिला असता तर आजही दोनशे पानी वह्याच शिवत बसला असता. मी ढकललं म्हणून तो पोहायला शिकला. आज लातूरच्या निम्म्या शिकवण्यांत त्याच्या सरावाच्या वह्या आहेत. मोठ्या कंपन्यांत रोज हेच चालतं, फक्त त्याला इंग्रजीत बरं नाव असतं. आणि मी आता जोडूनच घेऊन राहिलो ना सगळं?”

“का जोडताय?” मुग्धानं विचारलं. “गळ्यातला धोंडा होता ना कारखाना? नफा विकण्यात होता. मग आता विकायला काय उरलंय तुमच्याकडे? कंपन्यांच्या वह्या घरपोच मिळायला लागल्या आणि तुमच्या दालनात कुणी येईना, म्हणून लातूर आठवलं. हे लिहिलंय कुठल्या प्रकरणात?”

सर्वेशनं मान खाली घातली. म्हणजे खरं होतं.

“मुग्धा, गप,” राजश्री म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. ती दोन पावलं पुढे आली. “भाऊजी, सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या तेव्हा मी लातूरहून गंगेचं पाणी घेऊन आले होते. त्यांनी पेटीत जपून ठेवलेलं, त्यांचंच. मला आत येऊ दिलं न्हाई. माझ्या हातचं पाणी नको म्हणाल्या. हे कशात धरायचं? नफ्यात की...”

ती चंद्रप्रभाअक्कांकडे वळली.

“तो निरोप मी सांगितला होता,” चंद्रप्रभाअक्का म्हणाल्या. “दारात उभं राहून, मी. ‘तुझ्या हातचं नको म्हणतात, तू जा.’ आणि हे आत पेपर वाचत बसले होते. माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही! एकोणीस वर्षं मी नातेवाइकांत हिची निंदा केली. मला तरी सांगायचंत!”

“तुला सांगितलं असतं तर तू बोलून गेली असतीस,” राघवेंद्र म्हणाले. एवढ्यात आपण काय बोललो हे त्यांनाच कळलं.

राजश्रीनं प्राणेशकडे पाहिलं. तो कोचावर तसाच बसून होता. मघाशी थाप मारलेला हात अजून मांडीवरच होता.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही काही बोलत न्हाई?”

प्राणेशनं मान वर केली. रडत होता.

“मी काय बोलू, राजश्री? मी तुला त्यावरून कधी एक शब्द तरी बोललो का? सगळं गाव बोललं, मी बोललो का?” तो उठला, तिच्याजवळ आला, तिचा हात धरायला गेला. “मी तर तुला तेव्हाच माफ केलं होतं.”

“कशाबद्दल?” राजश्रीनं विचारलं.

प्राणेशचा हात मधेच थांबला.

राजश्री त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मोठ्या भाऊजींचं कळलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन हादरली होती, पण जमीन होती. हे वेगळंच होतं. वाटणीनंतरच्या पहिल्या वर्षी, कारखान्यात कागदाचे बंद उचलून हाताला घट्टे पडले तेव्हा, गावात तोंड दाखवायची लाज वाटे तेव्हा, तिला एकच आधार होता: हा माणूस एका शब्दानंही विचारत नाही. याला ठाऊक आहे. याचा विश्वास आहे. त्या न विचारण्यावर तिनं संसार उभा केला होता. तो विश्वास नव्हताच. ती माफी होती.

“तुम्हालाही मीच वाटत होते?”

“मला... सगळा पुरावा तसाच होता ना. आणि मी म्हटलं, बाईमाणूस, सासुरवासाला कंटाळली असेल. झालं गेलं. मी मनाला लावून नाही घेतलं, राजश्री.”

“एकदा विचारायचं होतं,” ती म्हणाली. “एकोणीस वर्षांत एकदा. ‘राजश्री, तू केलंस का?’ एवढंच. मी न्हाई म्हणाले असते.”

तिनं डाव जवळच्या टेबलावर ठेवला. आत जाऊन पिशवी घेतली, गॅस बंद केला, पदर सारखा केला. कुणाचीच तिला अडवायची हिंमत झाली नाही. चपला घालताना ती थोरल्या दिराकडे वळली.

“भाऊजी, पुस्तक फाडू नका, मागं घेऊ नका. फक्त गुलबर्गा काढा आणि नांदेड लिहा. मग बघू किती खपतं.”

मुग्धा मागं धावली. राजश्रीनं तिला हातानं थांबवलं. “तू थांब. तुला उद्या बोलायचंय. खरं खरं बोल, त्यांनीच सांगितलंय.”

तिच्यासोबत आले ते एकटे चांदपाशाचाचा. बसस्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती, सुटायला अवकाश होता. भर दुपार होती. खिडकीशी बसल्यावर तिनं विचारलं,

“चाचा, तुम्हाला काय वाटत होतं? खरं सांगा.”

म्हाताऱ्यानं गुडघे चोळले.

“भाभी, तात्यांनी मला तो कागद दाखवला होता. मी म्हटलं, तात्या, भाभींना वाटणी पाहिजे असती तर त्यांनी कागद तुमच्याच शालीत ठेवून तुमच्याच हातात का दिला असता? एवढी येडी हाय का ती? तात्या म्हणाले, ‘तू बाइंडर आहेस, बाइंडिंग कर.’ मग मी गप बसलो. नोकर माणूस. एवढा माझा गुनाह. तुमचा कागद न्हाई, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

राजश्रीनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि मग तिला रडू आलं. घरच्या माणसाला जे सुचलं नाही ते बाहेरच्या एका माणसाला सुचलं होतं, आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

कंडक्टरनं घंटी दिली तेवढ्यात प्राणेश धापा टाकत आला. रिक्षावाला मागून ओरडत होता, पैसे राहिले म्हणून. तो खिडकीखाली उभा राहिला.

“मी येतो. राजश्री, मी करारावर सही करणार नाही. अण्णांचं तोंड पाहणार नाही. झालं? मला चढू दे.”

“सही करा नाहीतर करू नका, मला त्याचं काही न्हाई,” ती म्हणाली. “तुम्ही आज इथंच थांबा. उद्या त्या मंचावर चढा. सगळ्यांसमोर दोन वाक्यं बोला. कागद राजश्रीचा नव्हता, हे एक. आणि मला तो तिचाच वाटत होता, हे दुसरं. मग लातूरला या.”

“पहिलं बोलतो. दुसरं कशाला? त्यात लोकांना काय...”

“लोकांना न्हाई. मला ऐकायचंय.”

गाडी हलली. प्राणेश चार पावलं सोबत चालला आणि मग मागं राहिला.

रविवारी संध्याकाळी ती कारखान्यात एकटीच होती. सुट्टी असल्यानं यंत्रं बंद होती. साडेपाचला मुग्धाचा फोन आला. मागून माणसांचा, खुर्च्यांचा आवाज येत होता.

“आई, ऐकून राहिलीस का? मोठे काका कार्यक्रम रद्दच करणार होते. मोठ्या काकू म्हणाल्या, ‘होणार. भावजी बोलतील, आणि ते न्हाई बोलले तर मी बोलते.’ माझं भाषण झालं.”

“काय बोललीस?”

“एवढंच. की या पुस्तकातलं तिसरं प्रकरण उपयोगी आहे, जन्मभर उपयोगी पडेल. पाचवं प्रकरण वडिलांना भरल्या ताटावरून उठवायला आणि भावाला तोडायला उपयोगी पडलं, पण ते टिकलं किती, हे माझे बाबा सांगतील. आई, मोठे काका खाली मान घालून बसलेत. थांब, बाबा उठले.”

राजश्रीनं फोन कानाशी घट्ट धरला. माइकची खरखर. प्राणेशचा घसा साफ करण्याचा आवाज, तिला पाठ असलेला.

“मी बोलणारा माणूस नाही,” तो म्हणत होता. “पाचव्या प्रकरणात गुलबर्ग्याच्या धाकट्या भावाची बायको आहे. ती गुलबर्ग्याची नाही. ती माझी बायको आहे, राजश्री. आमच्या तात्यांच्या शालीत सापडलेला कागद तिचा नव्हता. तिनं काही मागितलं नव्हतं.”

कुजबुज उठली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आणखी दोघांनी. टाळ्या विरल्या. माइकवर नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तो लांबत चालला होता. तिनं डोळे मिटले. आता तो खाली उतरेल, तिला वाटलं. त्याला तेवढंच जमतं.

“अजून एक आहे,” प्राणेश म्हणाला. आवाज फाटला होता. “मला... मलासुद्धा तो तिचाच वाटत होता. एकोणीस वर्षं. मी तिला विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.”

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मग कुठंतरी पहिल्या रांगेत एक बाई मोठ्यानं रडल्याचा आवाज आला. त्या चंद्रप्रभाअक्का होत्या.

“आई?” मुग्धा म्हणाली. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

“बाबा विचारून राहिलेत. येऊ का म्हणतात.”

राजश्रीनं कारखान्यात नजर फिरवली. यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून घातलेली फडकी, भिंतीशी रचलेले कागदाचे बंद, उद्या शिवायच्या वह्या. सगळं जागच्या जागी होतं. ती स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच तिला जाणवलं की कालपासून आपण काही खाल्लेलं नाही.

“या म्हणावं,” ती म्हणाली. “आणि अहमदपूरला उतरून जेवून या म्हणावं. मी स्वयंपाक केलेला न्हाई.”